एकाच राज्यात घराचा कर गावोगावी इतका वेगळा का?

अनघा_कोथरूड यांचा प्रश्न

नमस्कार. सासऱ्यांच्या पश्चात घरातील सर्व मिळकतींची कागदपत्रे एकत्र लावण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने नातेवाइकांच्या घरांच्या कराची बिलेही शेजारी ठेवून पाहता आली. त्यातून जे दिसले त्याचे कारण मला समजून घ्यायचे आहे.

आम्ही कोथरूडमध्ये तुलनेने नव्या इमारतीत राहतो. माझ्या आईची सदनिका सदाशिव पेठेत आहे. ती आमच्याहून थोडी मोठी आहे आणि आज विकायला काढली तर तिला किंमतही कमी येणार नाही, तरीही तिचा मिळकतकर आमच्या कराच्या चौथ्या हिश्श्याइतकासुद्धा नाही. मुलुंडला राहणाऱ्या दिरांची सदनिका लहान आहे, पण तिची किंमत आमच्या घरापेक्षा जास्त आहे आणि त्यांना मालमत्ता कर अजिबात भरावा लागत नाही. धायरीला नणंदेचे घर आहे. तिचे गाव महापालिकेत आल्यापासून तिचा कर वर्षागणिक वाढत गेला, मात्र रस्ता आणि पाणी यांत तेवढा फरक पडला नाही असे तिचे म्हणणे आहे. वाईजवळच्या गावातील आमच्या स्लॅबच्या घराची घरपट्टी तर इतकी कमी आहे की आम्ही ती कधी लक्षपूर्वक वाचलीही नव्हती.

घराची किंमत, घराचा आकार किंवा मिळणाऱ्या सोयी यांपैकी कोणताही एक निकष लावला तरी या पाच बिलांचा मेळ बसत नाही. हा कर नेमका कोण ठरवते, कशावर ठरवते आणि एकाच राज्यातील घरमालकांमध्ये एवढी तफावत कायद्याला मान्य कशी आहे? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

निवृत्त_करनिर्धारक यांचे उत्तर

अनघाताई, नमस्कार. मी अनेक वर्षे एका महापालिकेच्या कर आकारणी व कर संकलन विभागात काम केले. आपण मांडलेली पाचही उदाहरणे एकाच उत्तरात बसतात, पण त्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

जमीन आणि इमारत यांवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ४९ क्रमांकाच्या नोंदीखाली येतो, म्हणजे त्याविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे. विधिमंडळाने तो कर बसवण्याचे आणि वसूल करण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपवले आहे. मात्र सर्व संस्थांसाठी एक कायदा केलेला नाही. बृहन्मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे, पुण्यासारख्या इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, नगरपरिषदांना १९६५ चा स्वतंत्र अधिनियम आणि गावांना ग्रामपंचायत अधिनियम व त्याखालील १९६० चे कर व फी नियम. पुणे आणि खडकी येथील कटक मंडळांच्या हद्दीत तर केंद्राचा २००६ चा छावणी कायदा चालतो, त्यामुळे काही ठिकाणी रस्त्याच्या दोन बाजूंच्या घरांना दोन वेगवेगळ्या संस्थांची बिले येतात. म्हणजे आपल्या पाच घरांपैकी तीन पुणे महापालिकेच्या कायद्याखाली आहेत, एक मुंबईच्या आणि एक ग्रामपंचायतीच्या. मोजपट्टीच तीन प्रकारची असल्यावर मोजमाप जुळणार नाही.

आता मोजपट्टी पाहू. पुण्यात कर घराच्या किमतीवर बसत नाही. ते घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे यावे याचा अंदाज बांधून त्यावर तो बसतो. त्यातून देखभाल-दुरुस्तीसाठी वजावट देऊन जे उरते त्याला वार्षिक करपात्र रक्कम म्हणतात. आपल्या बिलावर ती छापलेली असते आणि सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर वगैरे सर्व रकाने तिच्या टक्केवारीत काढलेले असतात.

उदाहरणासाठी ७०० चौरस फुटांचे घर घेऊ आणि गणित सोपे राहावे म्हणून दर मी मनाने धरतो. आकारणीच्या वेळी त्या भागासाठी दरमहा दर चौरस फुटाला २ रुपये भाडे धरले असेल, तर वर्षाचे भाडे १६,८०० रुपये होते. दुरुस्तीची १० टक्के वजावट दिली की १५,१२० उरतात. घरमालक स्वतः राहत असल्याबद्दल ४० टक्के सवलत दिली की ९,०७२ रुपये राहतात. सर्व करांची बेरीज ७० टक्के धरली तर बिल सुमारे ६,३५० रुपये येते. आता तेवढ्याच क्षेत्रफळाचे दुसरे घर घेऊ, ज्याची आकारणी कित्येक दशकांपूर्वी ४० पैसे दराने झाली आणि पुढे तशीच राहिली. त्याच सवलती आणि त्याच टक्केवारीने त्याचे बिल सुमारे १,२७० रुपये होते. कोथरूड आणि सदाशिव पेठ यांतील अंतराचे मूळ येथे आहे. आपल्या आईचे घर ज्या वर्षी नोंदवहीत आले त्या वर्षीचा भाडेदर त्याला चिकटलेला आहे, आणि आपल्या घराला आपल्या वर्षीचा.

हे भाडे काळानुसार वाढवले का गेले नाही, असे आपण विचाराल. त्यामागे भाडेनियंत्रणाचा मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित भाडे, म्हणजे कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले होते. दिवाण दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका समिती या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये असे ठरवले की, भाडेनियंत्रण कायद्यानुसार जे प्रमाणित भाडे आकारता येते त्यापलीकडचे काल्पनिक भाडे धरून कर बसवता येणार नाही, आणि घरात मालक स्वतः राहत असला तरी हेच तत्त्व लागू होईल. न्यायालयाचा तर्क अगदी योग्य होता, कारण जे भाडे कायद्याने घेताच येत नाही त्यावर कर कसा मागणार? परंतु त्याचा परिणाम असा झाला की शहराचा जुना भाग कराच्या दृष्टीने जणू गोठला आणि वाढत्या खर्चाचा भार नव्याने बांधल्या जाणाऱ्या इमारतींकडे सरकत गेला. फेरआकारणीचा प्रस्ताव मांडणे हे पुढे कोणत्याही सभागृहाला राजकीयदृष्ट्या परवडेनासे झाले. दरवर्षी २० फेब्रुवारीपूर्वी पुढील वर्षाचे कराचे दर ठरवण्याची जबाबदारी कायद्याने महापालिकेवर टाकलेली आहे. ते दर वाढवायचे की नाही यावर दरवर्षी चर्चा होते, पण ज्या रकमेवर ते दर लागतात ती रक्कम किती जुनी आहे याची चर्चा फार थोड्या वेळा होते.

माझ्या मते तफावतीचा सर्वांत अन्यायकारक भाग हाच आहे. शहराशहरांत फरक असणे समजू शकते, कारण प्रत्येक शहराचा खर्च आणि उत्पन्न वेगळे असते. एकाच शहरात, एकाच संस्थेकडून, सारख्याच सोयी घेणाऱ्या दोन घरमालकांत पाचपट फरक असण्याचे समर्थन मला नोकरीत असतानाही कधी करता आले नाही.

मुलुंड_सोसायटी_सचिव यांचे उत्तर

वरील उत्तराला मुंबईची बाजू जोडतो. आमच्याकडेही २०१० पर्यंत भाडेमूल्याचीच पद्धत होती आणि तिचा परिणाम पुण्यापेक्षा ठळक होता. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींमधील प्रशस्त घरांना दर चौरस फुटाला जो कर पडे, त्याहून कितीतरी जास्त कर उपनगरातील नव्या इमारतींतील मध्यमवर्गीय भरत असत. म्हणून १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आली. यात रेडी रेकनरमधील (शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यातील) त्या भागाचा दर, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतील वापराची जागा), बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला आणि वापर या घटकांचा गुणाकार करून मूल्य काढतात आणि त्यावर कर बसतो. तत्त्व असे की महाग भागातील घराने जास्त भरावे आणि जुन्या इमारतीला तिच्या वयाची सूट मिळावी.

तत्त्व चांगले असले तरी एका रात्रीत बिले कित्येक पटींनी वाढली असती, म्हणून कायद्यातच मर्यादा घातल्या गेल्या. निवासी घराचा कर बदलाच्या वेळी आधीच्या दुपटीपेक्षा जास्त होऊ नये आणि पुढे दर पाच वर्षांनी होणाऱ्या सुधारणेत ४० टक्क्यांहून अधिक वाढ होऊ नये, अशा त्या मर्यादा आहेत. याचा अर्थ असा की ज्याचे जुने बिल अत्यल्प होते त्याच्या दुपटीनंतरही ते कमीच राहिले. पद्धत बदलली तरी जुन्या पद्धतीची सावली या मर्यादांमधून पुढे आली आहे, हे आमच्या भागातील बिले तपासताना मला वारंवार जाणवते.

आपल्या दिरांचे बिल शून्य असण्याचे कारण वेगळे आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता करातून सूट आहे. त्याआधी ही सूट केवळ सर्वसाधारण करापुरती होती. मुंबईतील बहुसंख्य कुटुंबे लहान घरांत राहतात आणि या निर्णयाने त्यांना खरा दिलासा मिळाला, हे मी मनापासून सांगतो. तरी एक गोष्ट खटकते. सीमा क्षेत्रफळावर आखली आहे, किमतीवर नाही. त्यामुळे वरळीतील ४९० चौरस फुटांचे घर करमुक्त आहे आणि मानखुर्दमधील ५१० चौरस फुटांचे घर करपात्र आहे. आमच्याच इमारतीत एका मजल्यावर दोन प्रकारची घरे आहेत. एका दाराला शून्य आणि समोरच्या दाराला पूर्ण बिल येते, आणि वार्षिक सभेत दरवर्षी हाच विषय निघतो.

मुंबईच्या नियमांतील एक भाग न्यायालयात टिकला नाही, तोही नोंदवतो. मोकळ्या जमिनीचे मूल्य काढताना तिच्यावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल याचा विचार नियमांनी केला होता. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. कर आज जे आहे त्यावर बसला पाहिजे, उद्या काय होऊ शकेल यावर नव्हे, असा त्याचा आशय आहे.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

मी ग्रामसेवक म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांत काम केले आहे, म्हणून वाईजवळच्या घराविषयी लिहितो.

गावातील घरपट्टी कमी असते याचा अर्थ ती मनमानी पद्धतीने ठरते असा नाही. पूर्वी ती क्षेत्रफळावर बसत असे. ती पद्धत न्यायालयात टिकली नाही आणि २०१५ च्या अखेरीस नियम बदलून ग्रामपंचायतींनाही भांडवली मूल्याची पद्धत लागू झाली. म्हणजे या एका बाबतीत आपले गाव पुण्यापेक्षा मुंबईच्या जवळ आहे. जमिनीचे मूल्य आणि बांधकामाचे मूल्य स्वतंत्र काढतात, बांधकामाला घसारा (वयामुळे होणारी घट) लावतात, वापरानुसार भारांक (गुणायचा आकडा) धरतात आणि येणाऱ्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे ठरावीक दराने कर घेतात. मातीचे घर, दगड-विटांचे पक्के घर आणि आरसीसी घर यांना वेगळे दर आहेत. शासनाने त्यांची किमान व कमाल मर्यादा घातली आहे आणि त्या मर्यादेत ग्रामपंचायत आपला दर ठरवते.

समजा ७५ चौरस मीटरचे स्लॅबचे घर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला ६०० रुपये, बांधकामाचा २०,००० रुपये आणि घसारा वजा जाता ८५ टक्के मूल्य शिल्लक धरले. जमिनीचे ४५,००० आणि बांधकामाचे १२,७५,००० मिळून १३,२०,००० रुपये होतात. हजारी दीड रुपया दर लावला तर घरपट्टी १,९८० रुपये येते. त्यात दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी वेगळी मिळते. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, परंतु त्यातून एक गोष्ट दिसते. गावात जमिनीचा वाटा नगण्य असतो आणि कर जवळजवळ पूर्णपणे बांधकामावर बसतो. पुण्या-मुंबईच्या किमतीत जो मोठा भाग जमिनीचा असतो, तो गावाच्या गणितात येतच नाही.

दुसरे कारण खर्चाच्या बाजूला आहे. गावातील शाळा जिल्हा परिषदेची असते आणि शिक्षकांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून होते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा खर्चही घरपट्टीतून होत नाही. गटारे, पाणी, स्वच्छता अशा बऱ्याचशा कामांना केंद्रीय वित्त आयोगाने ठरवलेला निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला आहे. घरपट्टीतून मुख्यतः पाणीपुरवठ्याच्या शिपायाचा पगार, पथदिव्यांचे बिल, कार्यालयाचा खर्च अशी कामे निघतात. माझ्या एका गावात मार्चअखेर वसुली अपुरी राहिल्याने पाणीयोजनेचे वीजबिल थकले आणि नळाला पाणी येणे थांबले, तेव्हा ग्रामसभेत पन्नास जणांनी त्याच आठवड्यात घरपट्टी भरली. कर आणि सोय यांचा संबंध गावात असा थेट दिसतो. शहरात तो बिलाच्या दहा रकान्यांत हरवून जातो.

आपण गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा जरूर घ्या. त्यात घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि काढलेले भांडवली मूल्य लिहिलेले असते. पुष्कळ ठिकाणी मातीच्या घराच्या जागी स्लॅब पडून वर्षे झाली तरी नोंद जुनीच राहते आणि वारसनोंद करताना ते लक्षात येते.

अनघा_कोथरूड

आपणा सर्वांचे आभार. आईच्या बिलाचे आणि दिरांच्या बिलाचे कारण आता स्पष्ट झाले. नमुना ८ चा उतारा पुढच्या खेपेला नक्की घेईन. निवृत्त करनिर्धारक यांना आणखी दोन गोष्टी विचारते. ४० टक्के सवलतीचा आपण उल्लेख केला. आमच्या इमारतीतील काही जणांना ती मिळते आणि काहींना मध्यंतरी मिळत नव्हती, हे कसे? आणि धायरीच्या बाबतीत नणंदेची तक्रार रास्त आहे का?

एडिसन_न्यूजर्सी यांचे उत्तर

अनघाताई, आपला विषय महाराष्ट्राचा आहे, पण कृष्णाकाठ यांनी शाळेचा जो मुद्दा मांडला त्याला येथील अनुभवाने पुष्टी मिळते, म्हणून लिहितो.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात निवासी घराचा सरासरी वार्षिक कर २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या पुढे गेला आणि त्यातील साधारण निम्मा भाग सार्वजनिक शाळांकडे जातो. येथे दर आधी ठरत नाही. शाळा जिल्हा, नगर आणि काउंटी यांची अंदाजपत्रके आधी ठरतात, इतर उत्पन्न वजा करून उरलेली रक्कम गावातील सर्व मिळकतींच्या एकूण मूल्यावर वाटली जाते आणि त्यातून दर निघतो. ज्या गावात मोठी गोदामे, कार्यालये किंवा दुकाने आहेत तेथे घरमालकांवरचा भार हलका होतो. ज्या गावात फक्त घरे आणि भरपूर शाळकरी मुले आहेत तेथे तो वाढतो. म्हणून तीन मैलांवरच्या दोन गावांत एकाच किमतीच्या घरांना हजारो डॉलरच्या फरकाने कर लागतो. महाराष्ट्रात शिक्षकांचे पगार घरपट्टीवर अवलंबून असते, तर वाईची घरपट्टीही आजच्यासारखी राहिली नसती.

सदाशिव पेठेच्या उदाहरणाशी जवळचे नाते कॅलिफोर्नियाचे आहे. तेथे १९७८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर केला. त्यानुसार कराचा मूळ दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढवता येते. परिणामी शेजारशेजारच्या सारख्या घरांत जुना रहिवासी नव्या खरेदीदाराच्या तुलनेत फार थोडा कर भरतो. एकीकडे भाडेनियंत्रण आणि दुसरीकडे मतदारांचा कौल, कारणे इतकी भिन्न असूनही घर करनोंदीत केव्हा आले यावर कर ठरावा हा परिणाम मात्र सारखा झाला आहे. वृद्ध घरमालकांना घर सोडावे लागू नये ही त्यामागची भावना मला पटते. परंतु तिची किंमत तरुण कुटुंबे मोजतात.

निवृत्त_करनिर्धारक

सवलतीविषयी आधी सांगतो. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला ४० टक्के सवलत देण्याचा ठराव १९७० मध्ये झाला आणि तो सुमारे पाच दशके अमलात होता. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि राज्य शासनाने तो ठराव रद्द केला. त्यामुळे त्यानंतर आकारणी झालेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली, आणि जी घरे भाड्याने दिल्याचे सर्वेक्षणात दिसले त्यांचीही काढली गेली. पुढे मोठा असंतोष झाल्यावर शासनाने २०२३ मध्ये ती पूर्ववत केली, पण दुरुस्तीची १५ टक्क्यांची वजावट १० टक्क्यांवर आली. ज्यांची सवलत गेली होती त्यांनी घरात स्वतः राहत असल्याच्या पुराव्यांसह पीटी ३ हा अर्ज द्यायचा होता. आपल्या इमारतीत ज्यांनी तो दिला नाही त्यांचे बिल आजही जास्त येत असावे. त्यांनी बिलावरील करपात्र रक्कम शेजाऱ्याच्या रकमेशी ताडून पाहावी आणि क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करावी. स्वतः राहता आणि भाड्याने दिले आहे यांत आकारणीत केवढा फरक पडतो, हे वरील गणितातच दिसते. ९,०७२ च्या जागी १५,१२० रुपयांवर कर लागतो आणि बिल ६,३५० वरून सुमारे १०,५८० वर जाते.

धायरीचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि नणंदेच्या तक्रारीत तथ्य आहे असे मला वाटते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत धायरी होती. जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. गाव हद्दीत आल्यावर महापालिकेचा पूर्ण कर एकदम लावत नाहीत. तो टप्प्याटप्प्याने, साधारण पाच वर्षांत पूर्ण पातळीला नेण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून तिचे बिल वर्षागणिक वाढत गेले. जलवाहिनी, मलवाहिनी, रुंद रस्ते ही कामे मात्र त्या वेळापत्रकाने होत नाहीत. त्यांना विकास आराखडा, भूसंपादन आणि निधी लागतो. त्यात या घरांची आकारणी अलीकडची असल्यामुळे भाडेदरही आजच्या जवळचा लागतो. म्हणजे ज्या भागाला सोयी सर्वांत उशिरा मिळणार, त्यालाच सर्वांत नवा दर लागतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही धायरीबरोबर २०१७ मध्ये आलेली दोन गावे २०२४ मध्ये महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. तेथील लोकांच्या मागणीत कराचा मुद्दा अग्रभागी होता.

एडिसनच्या सदस्यांनी इतर उत्पन्नाचा मुद्दा काढला, तो आपल्याकडेही तितकाच लागू आहे. अनेक दशके महापालिकांचे मोठे उत्पन्न जकातीचे, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कराचे, होते, त्यामुळे मिळकतकर सुधारण्याची निकड भासली नाही. पुढे बहुतेक शहरांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांवरून उठला, आणि मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर संपली. त्याबदल्यात राज्य शासन महापालिकांना दरमहा नुकसानभरपाई देते आणि तिच्यात वर्षाला आठ टक्के वाढ धरलेली आहे. ज्या शहराची जकात मोठी होती त्याची भरपाई मोठी आहे, ज्याची लहान होती ते शहर मिळकतकरावर अधिक अवलंबून आहे. दोन महापालिकांच्या दरांची तुलना करताना हा आकडा त्यांच्या अंदाजपत्रकात अवश्य पाहावा. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांना अनुदान देताना अशी अटही घातली की राज्याने मिळकतकराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या गतीने वाढलेली दिसावी. त्यामुळे दर गोठवून ठेवणे येथून पुढे सोपे राहणार नाही.

आपल्या बिलातील सर्वच रक्कम महापालिकेची नसते, हेही ध्यानात घ्या. राज्य शिक्षण उपकर १९६२ च्या कायद्याने राज्यासाठी गोळा होतो आणि महापालिका तो केवळ वसूल करून पुढे देते. बिगरनिवासी वापर असेल तर रोजगार हमी उपकरही लागतो. म्हणून घराच्या एखाद्या खोलीत दुकान किंवा कार्यालय थाटले की भाडेदर बदलतो आणि त्यावर हा उपकरही येतो.

नणंदेने आता करावयाचे काम असे. आकारणीच्या वेळी आलेली नोटीस शोधावी आणि तीत धरलेले क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि बांधकामाचे वर्ष तपासावे. समाविष्ट गावांतील नोंदी ग्रामपंचायतीच्या वह्यांवरून आणि सर्वेक्षणावरून केलेल्या असतात, त्यांत गच्ची, पार्किंग किंवा शेजारचा गोठा घरात धरल्याची उदाहरणे मी स्वतः दुरुस्त केली आहेत. क्षेत्रफळात चूक आढळली तर मोजणीच्या नकाशासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नव्या नोटिशीवर हरकत घ्यायची असेल तर ती नोटिशीत दिलेल्या मुदतीतच घ्यावी. पुढे न्यायालयात अपील करायचे झाले तर त्यासाठी मागणी केलेली रक्कम आधी भरावी लागते. वाद चालू असताना कर थकवू नये. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते आणि ती मूळ रकमेपेक्षा वेगाने वाढते. मे अखेरपूर्वी पूर्ण बिल भरले तर पुण्यात सर्वसाधारण करात सूट मिळते. हरकत नोंदवून, हक्क राखून कर भरला तरी हरकतीला बाधा येत नाही.

अनघा_कोथरूड

नणंदेकडे नोटीस आहे. तीत घराबाहेरील पत्र्याची शेडसुद्धा निवासी क्षेत्रात धरलेली दिसते. मोजणी करून घेण्यास तिला सांगितले आहे आणि आमच्या इमारतीतील तीन कुटुंबांची करपात्र रक्कम आमच्या रकमेशी ताडून पाहण्याचे काम मी घेतले आहे. अर्जाबरोबर कोणकोणती कागदपत्रे जोडावीत, हे येथे विचारेन.

निवृत्त_करनिर्धारक

शेड पूर्ण बंदिस्त नसेल तर तिची छायाचित्रे चारही बाजूंनी काढून ठेवा आणि ती केव्हा बांधली याचा काही पुरावा असल्यास जोडा. सवलतीच्या अर्जासाठी गृहनिर्माण संस्थेचे रहिवासाचे पत्र, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी त्याच पत्त्याचा एक दाखला, आणि पुण्यात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रत पुरेशी ठरते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात प्रत्यक्ष द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.